मदत हवी आहे: लुवियन-लिशियन भाषेतला 'राजा' आणि त्यावरून होणारं 'राजेशाही' हे विशेषण, मूळ काय?

उंबरठा:
मंडळी, जरा विचित्र प्रश्न आहे, हसू नका. मागच्या वर्षी तुर्कस्तानला ग्रुप टूरने गेलो होतो, बाकी सगळे ओलुदेनिझला पॅराग्लायडिंगला गेले आणि मला उंचीची भीती म्हणून मी आपला फेथियेच्या म्युझियममध्ये जाऊन बसलो. तिथे लेटून या जवळच्या प्राचीन देवस्थानाचा शिलालेख आहे, १९७३ साली सापडलेला, इ.स.पू. ४थ्या शतकातला. एकाच दगडाच्या दोन रुंद बाजूंवर लिशियन (त्या भागातली जुनी, आता नष्ट झालेली भाषा) आणि ग्रीक आणि अरुंद कडेवर अरामी (पश्चिम आशियातली जुनी भाषा). क्सांथोस या प्राचीन शहराच्या लोकांनी एका देवासाठी वेदी बांधायचं ठरवलं त्याचा हा ठराव. देवाचं नाव ग्रीकमध्ये 'बासिलेउस कौनिओस', म्हणजे सरळ 'कौनोस या शहराचा राजा' (मला लगेच लालबागचा राजा आठवला, दुसरं काय आठवणार). लिशियनमध्ये त्याच जागी 'ख्न्तवति' असा शब्द आहे.

घरी आल्यावर वाचत बसलो तर कळलं की लिशियनपेक्षा कितीतरी जुन्या, तिच्याच घराण्यातल्या लुवियन भाषेत राजाला 'हंतावति' म्हणतात, म्हणजे शब्द तोच. आता माझं घोडं इथे अडलंय. आमच्या फॅमिली ग्रुपवर मी उत्साहाने हे टाकलं तर काकांनी दोन मिनिटांत निकाल लावला की हे संस्कृतच आहे, 'हंता' म्हणजे शत्रूला मारणारा आणि पुढे 'वत्'. मला ते काही पटेना पण खोडून पण काढता येईना. शेवटचा 'वति' आपल्या बुद्धिवंत, भगवंत मधल्या 'वंत'चा भाऊ असेल असं मात्र मलाही वाटतंय. आणि राजावरून 'राजाचं, राजेशाही' असं विशेषण ते लोक कसं करायचे? जाणकारांनी प्रकाश टाकावा, आगाऊ आभार.

गवती चहा:
वाचतेय. काकांना माझा नमस्कार सांगा, प्रत्येक ग्रुपवर एक असतात :)

धुळपाटी:
काकांचं आधी बघू. संस्कृत 'हन्ति' म्हणजे मारतो, त्याचं हित्तीमधलं (लुवियनची प्राचीन बहीण-भाषा) भावंड आहे 'कुएन्त्सि', अर्थ तोच, मारतो. म्हणजे आपल्या 'हन्'मधला ह मुळात घ-सारखा होता (घ्नन्ति, घन आठवा) आणि अनातोलियात (आजचा तुर्कस्तान) त्याचा कु झाला. मग 'हंतावति'तला ह 'हन्'चा असूच शकत नाही, तसा असता तर शब्द कु-ने सुरू झाला असता.

लुवियन-हित्तीतला हा ह वेगळाच प्राणी आहे. तो संस्कृतात आणि ग्रीकमध्ये येईपर्यंत गळून गेला. सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये हित्ती वाचता येत नसताना नुसत्या हिशोबाने सांगितलं होतं की संस्कृत, ग्रीक वगैरेंच्या मूळ भाषेत असे काही हरवलेले ध्वनी असणार, पुढे ह्रोझनी या अभ्यासकाने १९१५ ला हित्ती उलगडली आणि १९२७ मध्ये कुरिलोविच या भाषाशास्त्रज्ञाने दाखवलं की हे बघा, तो हरवलेला ध्वनी इथे ह म्हणून लिहिलेला सापडतोय. मला विचाराल तर भाषाशास्त्रातली सगळ्यात भारी गोष्ट ही.

तर 'हंत'मधला ह काढून टाका, काय उरतं? ग्रीक 'अँति', लॅटिन 'आन्ते', ऋग्वेदातलं 'अन्ति' म्हणजे समोर, जवळ. आपल्या 'अंतिक'चं घराणं. हित्तीत 'हंत' म्हणजे कपाळ, पुढची बाजू, आणि 'हंतेझ्झि' म्हणजे पहिला. राजा म्हणजे जो पुढे असतो तो.

गवती चहा:
अय्या म्हणजे पुढारी!! पुढे वरून पुढारी. आणि म्होरं वरून म्होरक्या.

धुळपाटी:
अगदी तेच. मी कितीतरी वर्षं लोकांना हे समजावताना ग्रीक उदाहरणं देत बसलो, म्होरक्या सुचला नाही कधी.

मोडीवाचक:
'वंत'बद्दल मला शंका आहे. लुवियन चित्रलिपीत व्यंजनाआधीचा अनुस्वार लिहीतच नाहीत, 'हंत' हे 'हत' असंच दिसणार, त्यामुळे तिथे बघून काही कळायचं नाही. पण लिशियन अक्षरलिपी आहे आणि त्यात अनुस्वार दाखवतात. ख्न्तवति मध्ये पहिला न आहे ना, मग शेवट 'वंति' असता तर तिथेही तो लिहिला असता की. तुमच्या त्याच दगडाची अरामी बाजू बघा, तिथे कारकुनाने हा शब्द आपल्या अक्षरांत क-न-द-व-त्स असा उतरवलाय. परत तेच, पहिला न आहे, दुसरा नाही. दोन वेगळ्या लिप्या, एकच साक्ष. म्हणून भगवंताला यातून वगळा.

शेवटची इ पण फार मनावर घेऊ नका. मूळ अंग 'हंतावत', आणि लुवियन-लिशियनमध्ये प्रथमा-द्वितीयेला अशी एक इ मध्ये घुसते, म्हणून कोशात ती कंसात टाकतात.

विशेषणाचं म्हणाल तर दोन वाटा आहेत. एक 'इय' प्रत्यय, तो आपल्याकडेही आहे, क्षत्रिय, यज्ञिय. दुसरी वाट मराठी माणसाला पटकन कळेल. लुवियनमध्ये 'राजाचं' म्हणायला बरेचदा षष्ठी न वापरता 'अस्स' लावून विशेषणच करतात आणि ते पुढच्या नामाप्रमाणे बदलत राहतं. आपण राजाचा घोडा, राजाची तलवार, राजाच्या वाड्यात म्हणतो तसंच. लिशियनमध्ये त्या स चा ह झाला (सुरतेकडे हुरत म्हणतात तसा). तिथल्या थडग्यांवर 'एने पेरिक्लेहे ख्न्तवता' असं येतं, पेरिक्लेच्या सत्तेखाली. हा पेरिक्ले म्हणजे लिमिरा या लिशियन शहराचा राजा. 'ख्न्तवता' म्हणजे राज्य, सत्ता, आणि 'पेरिक्लेहे' म्हणजे पेरिक्लेचं.

उंबरठा:
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे 'राजा' या आपल्या शब्दाशी याचा काहीच संबंध नाही?

धुळपाटी:
नाही, राजा हा लॅटिन 'रेक्स'चा सख्खा. गंमत अशी की लुवियन चित्रलिपीत राजासाठी टोकदार टोपीसारखं चिन्ह आहे आणि अभ्यासक त्याला लॅटिनमध्ये 'रेक्स'च म्हणतात. लिहिताना रेक्स, वाचताना हंतावति.

उंबरठा:
एक शेवटचं. अरामी लिहिणाऱ्याने 'राजा'चं भाषांतर का नाही केलं? त्यांच्याकडे 'मल्का' शब्द होता की.

मोडीवाचक:
कारण त्याने तो किताब न समजता देवाचं नाव समजला, पुढे 'देव' हा शब्दही जोडलाय, 'कौनोसचा कंदवत्स देव' असं. उद्या कोणी परदेशी माणसाने लालबागला येऊन वहीत 'राजा' हे नुसतं आपल्या अक्षरांत लिहून घेतलं तर जे होईल ते.

उंबरठा:
काकांना लिंक पाठवली. निळी टिक आलीय, उत्तर नाही.