‘खराब झालं’ म्हणण्याआधी: झिजणे, विरणे, कळकणे

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की गोव्यात फोंड्याकडच्या घरांतून स्वयंपाकघराचा माळा रिकामा होतो. आमच्याकडेही झाला. खाली आलं ते सगळं आजीच्या हातचं: आदोळी (घाटावरची मंडळी विळी म्हणतात), तांब्याची कळशी, लोणच्याचं बुयांव (चिनी मातीची बरणी), नारळाचा रस पिळायचं फडकं. घरातल्या लहानांनी चारही वस्तूंना एकच शेरा दिला, ‘खराब झालंय’. मला तो सहन होत नाही. चारही वस्तू चार तऱ्हांनी जुन्या झाल्या आहेत आणि मराठीत प्रत्येक तऱ्हेला वेगळं क्रियापद आहे.

आदोळीचं पातं मधोमध आत गेलंय. टोकाला आणि बुडाशी मूळची रुंदी अजून आहे, पण जिथे रोज बांगडे चिरले तिथे जेमतेम बोटभर लोखंड उरलंय. हे झिजणं. झिजायला वापर लागतो. नुसती पडून राहिलेली आदोळी झिजत नाही, गंजते. म्हणूनच ‘घरासाठी झिजली’ असं आपण माणसाबद्दल आदराने म्हणतो.

फडकं मात्र विरलंय. धागे तुटलेले नाहीत, विरळ झालेत. उजेडात धरलं की पलीकडची खिडकी दिसते. रंग गेला असता तर ‘विटलं’ म्हटलं असतं.

कळशीला पोचा आलाय आणि आतली कल्हई उडालीय. इथे एक चूक फार ऐकू येते: ‘कळशी कळकली’. भांडं कळकत नाही, त्यातला पदार्थ कळकतो. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेत ताक किंवा सोलांची कढी ठेवली, की आंबटाने धातू उतरतो आणि चव बिघडते, ते कळकणं. भांडं तापवून, नवसागर टाकून, वितळलेलं कथील कापसाने आतून फिरवलं की पुन्हा कल्हई होते. कल्हईवाले दारावर येत नाहीत तसा हा शब्दही बोलण्यातून चाललाय, याचं वाईट वाटतं.

बुयांवाच्या काठाचा टवका उडालाय. तडा गेलेला नाही, आणि हा फरक मोठा आहे. टवका उडालेल्या बुयांवात चेपणीची तोरं (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) खुशाल घालावीत. तडा गेला तर खार झिरपून जातो.

पेडण्याहून एका वाचकाचं उत्तर:
विरणे आणि कळकणे अगदी पटलं. झिजण्याबद्दल थोडी भर घालतो. आमच्या घरचा रगडा आईच्या हातून वर्षानुवर्षं फिरला, पण तो ‘झिजला’ असं तिने कधी म्हटलं नाही. ‘गुळगुळीत झाला’ म्हणायची. दगडाचा खरखरीतपणा गेला की खोबरं वाटलं जात नाही, नुसतं घसरतं. मग टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचून, पुन्हा खरखरीत करून घ्यायचा. म्हणजे पातं झिजलं की संपत आलं, रगडा गुळगुळीत झाला की पुन्हा कामाला लागतो. दोन्हींत दगड-लोखंड कणाकणाने जातंच, तरी शब्द वेगळे, कारण पुढचं काम वेगळं.

डिचोलीहून आणखी एक वाचक:
बुयांव हा पोर्तुगीज ‘बोइयांव’वरून आलेला. आसगावात १८५५ साली जन्मलेल्या सेबास्तियांव रुदोल्फ दालगाद यांचा आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा मोठा ग्रंथ १९१३ चा. अशा शब्दांची आवड असणाऱ्यांनी तो जरूर चाळावा. आपलं घमेलंही पोर्तुगीजच, ‘गामेला’. त्याच जातीच्या मोठ्या बरणीला मर्तबान म्हणतात, ते ब्रह्मदेशातल्या मार्ताबान बंदरावरून. आमच्याकडे बुयांव ‘फुटतं’, ‘तुटत’ नाही. तुटतो तो कान किंवा दोर. मोडतो तो पाट. हा भेद मुलं आता पाळत नाहीत.

फोंड्याहून पुन्हा:
रगड्याची गोष्ट सांगितलीत, फार बरं झालं. ‘टाकी लावणे’ मी विसरतच चाललो होतो. माळ्यावर करवंटीची डवलीही (लांब दांड्याची पळी) निघाली. पेज ढवळून-खरवडून करवंटीची कड एका बाजूने तिरकी झालीय, म्हणजे झिजलीच. पण दांडा? तो हलतो, अजून सुटलेला नाही. सुटला असता तर ‘निखळला’ म्हटलं असतं. हलतोय तोवर आम्ही ‘ढिला झाला’ म्हणतो, आई ‘खिळखिळा’ म्हणायची. मला खिळखिळा हा शब्द अनेक सांधे सुटत आलेल्या खाटेला किंवा खुर्चीला जास्त शोभतो असं वाटतं. एका दांड्याला तुमच्याकडे काय म्हणतात, सत्तरी-काणकोणच्या मंडळींनी सांगावं.