मदत हवी आहे: दोन महिन्यांत परत मलेरिया. गोळ्या लागू पडत नाहीत का?

सिडकोकर
नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात असेल तर हलवा.

धाकटा भाऊ, वय २६, ठाण्याकडे बांधकामाच्या साइटवर असतो. गणपतीला घरी आला तो थंडीतापानेच. इथे रक्त तपासलं, व्हायवॅक्स मलेरिया निघाला. क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस अशा गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, पठ्ठ्या मिसळ मागायला लागला. दिवाळी सरते न सरते तोच परत हुडहुडी, परत व्हायवॅक्स. मधल्या काळात तो नाशिकबाहेर गेलेला नाही.

घरात तीन मतं आहेत. आई म्हणते अंगाला गोळ्यांची सवय झाली. मामा म्हणतात मागच्या नाल्याचे डास. चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय की क्लोरोक्विन आता भारतात कुठेच चालत नाही, थेट आर्टेसुनेटचं इंजेक्शन घ्या. डॉक्टर चांगले आहेत, पण बाहेर तीस पेशंट बसलेले असताना जास्त विचारायला जीव होत नाही. मी कॉमर्सवाला. या गोळ्या आत जाऊन नेमकं करतात काय, आणि जंतू दाद देत नाही म्हणजे काय होतं, कोणी समजावेल का?

शेवंता
प्रायमाक्विन पूर्ण चौदा दिवस घेतल्या का? आधी ते सांगा.

सिडकोकर
आत्ताच विचारलं. सहा दिवस घेतल्या. मळमळायचं म्हणून सोडल्या. उरलेली स्ट्रिप कपाटात सापडली. आईने ऐकलं, आता घरात वेगळाच ताप आहे.

जुना हिवतापवाला
आरोग्यसेवक म्हणून पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर रक्तनमुने घेत फिरण्यात माझी नोकरी गेली. तुमची गोष्ट दर पावसाळ्यानंतर ऐकायचो. ताप उतरला की गोळ्या कौलाच्या वळचणीला.

व्हायवॅक्सची एक खोड आहे. डास चावल्यावर जंतू आधी यकृतात जातो. तिथून काही रक्तात उतरतात, काही तिथेच झोपून राहतात, आठवडे किंवा महिने. क्लोरोक्विन रक्तातल्यांना मारतं, झोपलेल्यांना त्याचा पत्ताच नसतो. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन. याला आम्ही समूळ उपचार म्हणायचो. मूळ राहिलं की फुटवा येणारच. त्यामुळे हे बहुतेक औषध हरल्याचं लक्षण नाही, अर्धवट राहिल्याचं आहे. मामांचा नालाही अगदीच खोटा नाही, नवा डास चावलेला असू शकतो. पण मला झोपलेल्यांचाच संशय जास्त.

कपाटातली स्ट्रिप मात्र आपल्या मनाने सुरू करू नका. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटतात. लघवी काळपट झाली तर गोळी बंद करून तडक दवाखाना. गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते.

शेवंता
बाकीचं मी सांगते, मायक्रोबायॉलॉजी शिकलेय.

जंतू तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. खाताना हीम नावाचा लोखंडवाला भाग उरतो, तो त्याच्यासाठी विष. म्हणून तो त्याचे स्फटिक करून एका आम्लाच्या पिशवीत साठवतो. स्लाइडवर दिसणारे तपकिरी कण ते हेच. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात असेच कण दिसले आणि डासाची चोरी पकडली गेली. क्लोरोक्विन त्या पिशवीत जाऊन साचतं आणि स्फटिक होऊ देत नाही. जंतू स्वतःच्याच उष्ट्याने मरतो.

आता काकूंची ‘सवय’. अंगाला सवय होत नाही, आणि एकेका जंतूलाही होत नाही. आजाऱ्याच्या रक्तात अब्जावधी जंतू असू शकतात. इतक्या नकला काढताना चुका होतात. फाल्सिपेरम या मलेरियाच्याच दुसऱ्या जंतूमध्ये अशीच एक चूक पिशवीच्या पडद्यावरच्या प्रथिनात झाली, प्रथिनाच्या माळेत ७६व्या जागी लायसीन या मण्याऐवजी थ्रिओनिन, आणि ते प्रथिन क्लोरोक्विन बाहेर टाकायला लागलं. औषध नसताना या चुकीचा उपयोग शून्य. औषध आलं की बाकीचे मरतात आणि मैदान याला मोकळं. भारतात असा फाल्सिपेरम पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामात सापडला.

व्हॉट्सअ‍ॅपने दोन जंतूंची खिचडी केलीय. आपल्याकडे फाल्सिपेरमला क्लोरोक्विन देत नाहीत, व्हायवॅक्सला अजूनही तेच पहिलं औषध आहे. आर्टेसुनेटचं इंजेक्शन गंभीर मलेरियासाठी असतं.

बागवाला निफाड
वाचून हसू आलं. हे तर आमच्या द्राक्षावरच्या डाऊनी रोगाचं झालं. मेटालॅक्सिल हे बुरशीनाशक एकटं मारत राहिलं की दोन-तीन हंगामांत पान ऐकत नाही. म्हणून मँकोझेब या दुसऱ्या बुरशीनाशकाबरोबरच मारतात, एकातून सुटलेली बुरशी दुसऱ्यात गावते. माणसाच्या औषधातही असं मिश्रण करतात का?

शेवंता
अगदी तेच! आर्टेमिसिनिन (आर्टेसुनेट त्याच घराण्यातलं) झपाट्याने जंतू मारतं, पण काही तासांत अंगातून निघून जातं. म्हणून सोबत रेंगाळणारं दुसरं औषध देतात, उरलेसुरले ते टिपतं. आर्टेमिसिनिन चीनच्या तू यूयू यांनी १९७२ च्या सुमारास एका झुडपातून वेगळं काढलं, २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तरी कंबोडियात जंतूने वाट काढलीच. केल्च-१३ नावाच्या जनुकात बदल झालेले जंतू कोवळ्या अवस्थेत हिमोग्लोबिन कमी खातात. आर्टेमिसिनिनला पेटवायला त्याच हीमचं लोखंड लागतं. म्हणजे औषध जाईपर्यंत उपास!

बागवाला निफाड
आणि फवारणी थांबवली तर? आमच्याकडे काही औषधं मधे सोडली की परत चालतात म्हणतात.

शेवंता
मलावीत तसं झालं. १९९३ मध्ये त्यांनी क्लोरोक्विन सोडलं, आणि साधारण बारा वर्षांनी तिथल्या फाल्सिपेरमवर ते पुन्हा लागू पडायला लागलं. तो बदल जंतूला जड जात असावा, औषध नसताना साधे जंतूच पुढे गेले. सगळ्या औषधांचं असं होईलच असं नाही.

सिडकोकर
उशिराने अपडेट. धीर करून डॉक्टरांना सहा दिवसांची गोष्ट सांगितली. ते रागावले नाहीत, ‘हे आधी का नाही सांगितलं’ एवढंच म्हणाले. जी-सिक्स-पीडीची तपासणी झाली, रिपोर्ट ठीक आहे. क्लोरोक्विन परत दिलं आणि प्रायमाक्विनचे चौदा दिवस पहिल्यापासून. मामा नाल्यावर अजून ठाम आहेत, महापालिकेकडे फवारणीचा अर्जही देऊन आलेत.

आज चौथा दिवस. वरणभात झाला की आई स्वतः गोळी देते आणि गिळली का ते तोंड उघडायला लावून बघते.