अनेक डिस्क एकत्र जोडायला रेड ५ की रेड १०? स्टोरेज मुळापासून शिकायचंय, मदत हवी आहे

मंडळी, ६ वर्षं ओरॅकल डेटाबेस सांभाळतोय, पण डिस्कच्या पातळीवर काय चालतं ते कधी बघितलंच नाही. परवा महिनाअखेरच्या बिलिंगला रीडो लॉगचे (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) राइट रखडले. स्टोरेजवाला म्हणाला, "लन (सर्व्हरला दिलेला स्टोरेजचा तुकडा) रेड ५ वर आहे, दुसरं काय होणार?" मी नुसती मान डोलावली. घरी येऊन वाचलं: रेड ५ वर एका छोट्या राइटला ४ आयओ (डिस्कवरची वाचन-लेखनं), म्हणजे जुना डेटा नि जुनी पॅरिटी (डिस्क बिघडली तर डेटा परत मिळवायला ठेवलेली जादा माहिती) वाचायची, मग दोन्ही नव्याने लिहायची, रेड १० वर दोन प्रती लिहायच्या म्हणून २ च. इथवर समजलं. पण अ‍ॅरेला (डिस्कच्या पेटीला) राइट कॅश (लिहायचा डेटा आधी मेमरीत घेणं) असताना हा फरक कितपत जाणवतो? शिवाय मल्टिपाथिंग (स्टोरेजपर्यंत एकाहून जास्त वाटा ठेवणं) घरी दोन व्हीएम (आभासी मशीन) टाकून आयस्कझीवर (साध्या नेटवर्कवरून स्टोरेज जोडायची पद्धत) करून बघेन, पण फायबर चॅनलचं (स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क) झोनिंग, म्हणजे कोणत्या सर्व्हरला कोणतं स्टोरेज दिसेल ते ठरवणं, स्विचशिवाय कसं शिकायचं?