मासिकांत बाळंतिणीचं डिप्रेशन असंच का दाखवतात?

बर्डीच्या बाजारातून दोन मासिकं आणली, बहीण बाळंतीण आहे म्हणून, तर एकात हिरॉइन महिन्याभरात कशी फिट झाली ते, दुसऱ्यात पोटच्या लेकराला मारणाऱ्या बाईची स्टोरी. मधलं काहीच का नाही लिहून राहिले हे लोक?

> ती दुसरी बहुतेक सायकोसिसची (भास-भ्रम होऊन भान सुटते तो आजार) केस असेल, हजारात एखाद-दोघींना होते, डिप्रेशन वेगळं अन् कितीतरी कॉमन. १९८७ पासून हे डिप्रेशन ओळखायची १० प्रश्नांची एडिनबरा टेस्ट आहे, छापायला अर्धं पान पुरते.

> सल्ला काय तर म्हणे मन रमवा!! दोन आठवड्यांनंतरही रडणं थांबत नसेल तर डॉक्टरकडे न्या, एवढं सासूबाईंना समजेल असं लिहा ना राजेहो

> बहीण कशी आहे पण? टेलिमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.