मॅडोनाची पहिली हिट्स कॅसेट: तुमच्या घरी कशी आली, काय काय आठवतं?

नीलकंठी
परवा लेकीने फोनवर 'लाईक अ प्रेयर' लावलं. १९८९चं, मूळ. मी कणीक मळत होते, हात तिथेच थांबले. माझ्या कानात बसलेला ठेका त्यात नाहीच! मला पाठ आहे ते 'द इमॅक्युलेट कलेक्शन'मधलं. नोव्हेंबर १९९०, मॅडोनाचा पहिला ग्रेटेस्ट हिट्स. सतरा गाणी: पंधरा आधीची, 'जस्टिफाय माय लव्ह' आणि 'रेस्क्यू मी' नवी.

जुनी गाणी जशीच्या तशी उचलली नव्हती. बहुतेकांचं मिक्सिंग नव्याने झालं, रिमिक्स करणाऱ्या शेप पेटिबोनचा त्यात मोठा हात, आणि एवढी सगळी मावावीत म्हणून लांबीही छाटली. 'हॉलिडे' मूळ सहा मिनिटांचं, इथे चारात आटोपतं. पण दादरच्या चाळीत आमच्याकडे आधीचा एकही अल्बम नव्हता. आम्हाला हीच मूळ गाणी.

दादाने पहिल्या पगारात रिदम हाऊस या कॅसेटच्या दुकानातून आणली होती. निळं कव्हर, सोनेरी अक्षरं, मॅडोनाचा फोटो नाही. त्यामुळे ती आजीसमोर उघड्यावर ठेवता यायची, ही मोठी सोय. गाणी साधारण काळाच्या क्रमाने आहेत. सुरुवातीचा तो पातळ, खेळकर आवाज आणि मग 'लिव्ह टू टेल'ला खाली उतरलेला, ठाम. एक मुलगी बाई होताना ऐकू येते. वेगवेगळे अल्बम घेणाऱ्यांना हे इतकं सलग ऐकायला मिळालं नसेल. माझ्या मते हा संग्रह म्हणजे तिचा सगळ्यात चांगला अल्बम आहे, आणि हे मी पूर्ण विचार करून म्हणतेय.

तुमचेही अनुभव लिहा.

कॅसेटकपाट
'हूज दॅट गर्ल' का नाही घेतलं???? १९८७ला अमेरिकेत एक नंबरला होतं ते. 'ट्रू ब्लू' पण गायब. माझा राग अजून गेलेला नाही.

शनिवारची_भिशी
काय आठवण काढलीस गं! कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की सविस्तर लिहिते.

वाफाळता_चहा
वॉकमनवर ऐकलंय का कुणी? त्यात क्यूसाउंड वापरलंय. दोनच स्पीकर, पण आवाज त्यांच्याही बाहेरून आल्यासारखा वाटावा असं तंत्र. ते वापरणाऱ्या अगदी सुरुवातीच्या अल्बमांपैकी हा. 'वोग'च्या सुरुवातीच्या चुटक्या ऐका. हॉस्टेलवर मी हेडफोन काढून मागे वळून बघायचो. रूममेट वैतागायचा. तोच आता साउंड इंजिनियर आहे.

कॅसेटकपाट
@वाफाळता_चहा सही! नाव सांगा की त्याचं.

वाफाळता_चहा
त्याला विचारून सांगतो :)

पिंपळपान
'वोग'चं निघालंच आहे तर. आमचे बाबा फोर्टात नोकरीला. इंग्रजी पॉप म्हणजे डोक्याला ताप, असं त्यांचं स्पष्ट मत. कॅसेट लागली की वर्तमानपत्राची घडी जोरात घालायचे, तेवढ्यावरून आम्ही समजायचो. एकदा 'वोग'मधली ती नावांची ओळ आली. ग्रेटा गार्बो, मन्रो, डीट्रिच, मार्लन ब्रँडो. बाबा उठून टेपजवळ आले आणि म्हणाले, "पुन्हा लाव." मी मागे घेतली. मग म्हणाले, "अजून एकदा." जिंजर रॉजर्स, रिटा हेवर्थ, बेटी डेव्हिस, प्रत्येक नावाला त्यांच्याकडे एक पिक्चर, एक थिएटर आणि बरोबर कोण होतं ते. मेट्रो, इरॉस, स्ट्रँड. बरोबरच्या मंडळींत आमची आईही निघाली, लग्नाच्या आधीची! हे आम्हा भावंडांना तोवर माहीतच नव्हतं. आई आतून म्हणाली, "पुरे आता."
त्यानंतर 'वोग'ला कधी घडी घातली नाही त्यांनी. गेल्या वर्षी गेले बाबा. गाडीत अजून हेच गाणं लावते.

नीलकंठी
पिंपळपान, डोळे भरून आले गं. आईंना इथलं वाचून दाखव.

शनिवारची_भिशी
पिंपळपान, तुला जादूची झप्पी. किती गोड लिहिलंयस.
(तिसरी शिट्टी झाली, मुलाचा क्लास आहे, रात्री येते.)

वसईची_केळी
आमच्याकडे वेगळंच महाभारत. १९८९ला 'लाईक अ प्रेयर'च्या व्हिडिओवरून व्हॅटिकन खवळलं, पेप्सीने तिची जाहिरात मागे घेतली, आणि ती बातमी आमच्या गावापर्यंत पोचली. पुढच्याच वर्षी बाईंनी संग्रहाचं नाव ठेवलं थेट मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवावरून ('इमॅक्युलेट कन्सेप्शन'), वर अल्बम अर्पण 'द पोप'ला! (ते तिच्या भावाचं, ख्रिस्तोफरचं टोपणनाव, पण वाचणाऱ्यांना खरा पोपच वाटला.) मावशी कॉयरमध्ये गायची. तिला मी फक्त 'लाईक अ प्रेयर'मधला गॉस्पेल कॉयर ऐकवला, कोणाचं गाणं ते न सांगता. मावशीने डोळे मिटून ऐकलं, म्हणाली, "सूर पक्के आहेत." मग नाव सांगितलं. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "देवाला सगळे आवाज चालतात." आमची मावशी ही अशी.

फोंड्याची_वाट
मावशींना दंडवत!
आमच्याकडे गोव्यात 'ला इस्ला बोनिता'. लग्नाच्या रिसेप्शनला बँडने ते वाजवलं की खुर्च्या रिकाम्या. स्पॅनिश शब्द कोणालाच येत नसत, पण सगळे तोंड भरून गायचे. माझा नवरा मला अशाच एका रिसेप्शनला भेटला. बँडवाल्याला 'पुन्हा वाजवा' म्हणून सांगणारा तोच.

कॅसेटकपाट
वा! पुढचं लिहा ना, वेगळा धागा काढा.

मिशिगनकर
मी डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. मॅडोना इथलीच. जन्म बे सिटीचा, शाळा रॉचेस्टर हिल्सला. मुलीच्या स्पर्धांसाठी त्या भागात जातो तेव्हा गाडीत हाच अल्बम. आई कॅन्सरने गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. त्यावर तिचं 'प्रॉमिस टू ट्राय' आहे, पण ते हिट नव्हतं म्हणून ह्या संग्रहात नाही. हिट्सच्या संग्रहांचं हे मला फार लागतं. माझी आईही मी शाळेत असतानाच गेली. 'लिव्ह टू टेल' नंतर ते एक गाणं मी हाताने जोडून घेतो.

पिंपळपान
@मिशिगनकर, हे जोडून घेणं फार आवडलं. आजच ऐकते.

उंबरठा_ओलांडून
'जस्टिफाय माय लव्ह'चा व्हिडिओ एमटीव्हीने दाखवायला नकार दिला, मग तिने तो व्हिडिओ कॅसेट म्हणून विकायला काढला आणि तुफान खपला. आमच्याकडे १९९१ला स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आला. गल्लीत एकाच घरी केबल. गाणी पाठ होती, चेहरा तेव्हा पाहिला. केवढीशी आहे ती!

मोरपंखी_शाल
विषयाला सोडून आहे, पण तिच्या १९९८च्या 'रे ऑफ लाइट'मध्ये 'वन्दे गुरूणां चरणारविन्दे' आहे, योगतारावलीतला श्लोक. आमच्या योगवर्गाला तो रोज म्हणतात. बाईंना ऐकवलं तर म्हणाल्या उच्चार सुधारायला हवेत, पण ठेका छान आहे.

शनिवारची_भिशी
आले आले. सगळं वाचून काढलं. माझी कॅसेट अजून आहे, मॅग्नासाऊंड कंपनीची! पण लावली तर आवाज मधेच बसतो. आतला स्पंजचा छोटा तुकडा पडलाय. कोल्हापुरात कोणी दुरुस्त करतं का?

वाफाळता_चहा
ताई, घरी होईल. तो पॅड फितीला हेडवर दाबून धरतो, तो नसला की आवाज बसणारच. एखादी नको असलेली कॅसेट घ्या, दोन्ही कॅसेटचे पाच-पाच स्क्रू काढा, तुमच्या कॅसेटची दोन्ही रिळं आडवी ठेवूनच उचला आणि त्या चांगल्या खोक्यात बसवा. लावायच्या आधी हेड कापूस-स्पिरिटने पुसा.

शनिवारची_भिशी
नको असलेली कुठून आणू? घरात सगळ्या हव्या असलेल्याच आहेत.

कॅसेटकपाट
माझ्याकडे कोऱ्या पडून आहेत, स्क्रूवाल्या. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, दोन पाठवतो.