कापूस : एकाधिकार खरेदी बरी होती की खुला बाजार?

शेतकरीपुत्र, चोपडा : घरात कापूस पडून आहे. खरेदी केंद्रावर नंबर लागत नाही आणि खेडा खरेदीला, म्हणजे गावात येऊन कापूस घ्यायला, येणारा व्यापारी हमीभावाच्या बराच खाली दर सांगतो. आमचे आबा म्हणतात, एकाधिकार योजनेत, म्हणजे सगळा कापूस सरकारच घेत होते तेव्हा, व्यापाऱ्याचे तोंड पाहावे लागत नव्हते. मग संपूर्ण खरेदी पुन्हा सरकारनेच का करू नये?

जुना जिनिंगवाला, धरणगाव : भाऊ, आबांना चांगली वर्षे आठवत असावीत. 1972 च्या हंगामात योजना सुरू झाली तेव्हा राज्यात खासगी खरेदीला बंदी होती, पण नवापूरच्या पलीकडे गुजरातमध्ये बाजार मोकळाच होता. भाव चढला की रात्रीतून ट्रक सीमेपार जात आणि भाव पडला की सगळा माल पणन महासंघाच्या, म्हणजे योजनेची खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थेच्या, केंद्रावर येई. म्हणजे नफ्याच्या वर्षी माल दुसऱ्याचा आणि तोट्याच्या वर्षी आपला. चांगल्या वर्षाच्या शिलकीतून भाव चढउतार निधी उभारून वाईट वर्ष काढायचे, ही मूळ कल्पना चांगली होती. मात्र पुढे केंद्र सरकारच्या हमीभावावर आगाऊ रक्कम वाढवून देण्याची चढाओढ लागली आणि तोटा तिजोरीवर आला. चुकाऱ्यासाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांसाठी, किती थांबावे लागे, हे आबांनाच विचारा.

कोरडवाहू, पारोळा : दादा, सीमेचा मुद्दा मान्य, परंतु आजच्या बाजाराला खुला म्हणणे मला पटत नाही. 2021-22 मध्ये क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव गेला, तेव्हा हमीभाव कोणी विचारला नाही. पण त्याच 2022 च्या एप्रिलमध्ये गिरण्यांसाठी कापसावरील आयात शुल्क हटवले गेले आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये, आपल्याकडे वेचणी सुरू होण्याच्या तोंडावर, पुन्हा तेच घडले. भाव वाढला की सरकार मधे येते आणि पडला की बाजाराचा नियम सांगितला जातो. माझ्या मते सगळा कापूस सरकारने घेण्याची गरज नाही. हमीभावाने घेणारे केंद्र हंगामाच्या पहिल्या दिवसापासून तालुक्यात चालू असले, तर खेडा खरेदीचा दरही आपोआप वर सरकतो.

जुना जिनिंगवाला, धरणगाव : याला माझी हरकत नाही. चोपड्याच्या भाऊंनी तूर्त कापूस वाळवून ठेवावा. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा क्विंटलला 8110 रुपये हमीभाव 8 टक्के ओलाव्याला होता. त्यापुढे कपात होते आणि 12 टक्क्यांच्या वर माल परत पाठवतात.