जुनी फियाट की आत्ताची गाडी? दोन्ही चालवलेल्यांनी लिहा

आमच्या दारात बाबांची १९८४ ची पद्मिनी (म्हणजे जुनी फियाटच) आणि माझी तीन वर्षांची हॅचबॅक शेजारीशेजारी उभ्या असतात. नवीतून उतरून जुनीत बसलं की डावा हात उगाच खाली गिअर चाचपतो. तो असतो वर, स्टिअरिंगच्या दांड्याला. तुमचंही असं होतं का? नुसतं ‘जुनं ते सोनं’ लिहून पळू नका.

*

१९९१, मे महिना, बोरघाट. चढावर इंजिन फुरफुरलं आणि बंद. इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप तापला की पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला थेंब मिळायचा नाही. तेव्हा घाटात कुठल्याही कंपनीच्या गाडीचं बॉनेट वर दिसायचं, त्यामुळे लाज वगैरे नाही. काकांनी ओला पंचा पंपावर टाकला, आम्ही अर्धा तास करवंदं खाल्ली, काकांनी चावी फिरवली, निघालो. परवा माझी नवी गाडी सोसायटीतच हटून बसली. किल्लीतला सेल संपला होता! पंचा कुठे टाकणार?

*

वडील मुंबईत काळीपिवळी चालवायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली, तेव्हा लोक हळहळले. वडील म्हणाले, “बरं झालं, सुटली.” पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, सिग्नलागणिक क्लच. डावा गुडघा त्यातच गेला. रविवारी फेरी मारणं वेगळं आणि बारा तास पोट भरणं वेगळं.

*

सहमत. आणि ब्रेक? जुन्या गाडीला चारी चाकांना ड्रम. साचलेल्या पाण्यातून बाहेर आलं की ब्रेकवर हलका पाय ठेवून ते सुकवत जायचं, हे मला सासऱ्यांनी शिकवलं. गेल्या पावसाळ्यात आमच्या नव्या गाडीसमोर म्हैस आली. करकचून ब्रेक दाबला, पायाखाली पेडल थरथरलं, पण चाकं घसरली नाहीत. ते एबीएस, चाकं जाम होऊ न देणारं. जुनीत असते तर म्हैस आणि मी, दोघी गटारात.

*

धागाकर्ता: म्हैस पटली. तरी थंड इंजिन सुरू करताना चोक ओढून, कान देऊन, इंजिन लयीत आलं की चोक हळूच आत ढकलायचा, हे सुख नवीत नाही. असो. त्रिकोणी काचेचं रबर पार कडक झालंय. गाडी बनली कुर्ल्यात, आता सुटे भागही कुर्ल्याच्याच भंगारात शोधतोय. कुणाकडे जोडी पडून आहे का?